स्प्रिंगपेक्षा भोक महत्त्वाचं

गरम इंजिन आयडलला असताना ऑइल प्रेशरचा काटा खाली बसला की बहुतेकांचा हात आधी रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे प्रेशर ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की उघडून जास्तीचं तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, स्प्रिंगकडे जातो. "मागे एक वायसर टाक, प्रेशर वाढेल." हा सल्ला इतक्या वेळा ऐकलाय की आता मी वाद घालत नाही, एवढंच विचारतो: आयडलला तो व्हॉल्व्ह उघडा असतो का? नसतो. चार बारला उघडणारा व्हॉल्व्ह सव्वा बारला घट्ट बंद असतो. त्याची स्प्रिंग कितीही कडक करा, तेलाला त्याची खबरही लागत नाही. कचरा अडकून व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग इलाज सफाईचा आहे, वायसरचा नाही.

पंप प्रेशर बनवत नाही, तेल ढकलतो. गिअरवाला असो की जेरोटर (एकात एक फिरणाऱ्या दोन दातेरी चाकांचा), एका फेरीला ठरावीक तेल पुढे जातं, आणि बेअरिंगच्या फटीतून निसटताना त्याला जेवढा विरोध होतो तेवढं प्रेशर काट्यावर दिसतं. ही फट मोठी नाठाळ असते. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, ०.०४ मिलिमीटरची फट ०.०५ झाली की जवळजवळ दुप्पट तेल वाहून जातं. रेसिंगसाठी क्लिअरन्स मुद्दाम सैल ठेवणाऱ्यांना मोठा पंप लागतो तो याचसाठी. पण इंजिन स्टँडर्ड क्लिअरन्सवर बांधलंय आणि तरी काटा लोळतोय, तर पंपाची ऑर्डर देण्याआधी सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) खोलून बेअरिंगचे शेल बघा. मोठा पंप लावला की झीज झाकली जाते आणि इंजिन जरा उशिरा, जास्त खर्चात बसतं.

जास्त प्रेशर हवंच असतं, ते वरच्या आरपीएमला. मेन जर्नलला, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला, आरपार भोक असलेल्या क्रँकमध्ये तेलाला जर्नलच्या बाहेरून आत मध्यापर्यंत शिरावं लागतं, आणि फिरणारा क्रँक त्याला सतत बाहेर फेकत असतो. ६० मिलिमीटर जर्नल आणि ८००० आरपीएम धरून हिशोब केला तर नुसतं मध्यापर्यंत पोचायला साधारण २.७ बार खर्ची पडतात. ६००० ला हाच आकडा दीड बारच्या आसपास येतो. दर १००० आरपीएमला १० पीएसआय (सुमारे ०.७ बार) हा जुना ठोकताळा सगळीकडे डोळे झाकून लावू नये, पण तो अगदीच हवेतून आलेला नाही.

आता स्प्रिंग. समजा प्लंजरचा, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगसमोर सरकणाऱ्या दट्ट्याचा, व्यास १४ मिलिमीटर आहे, म्हणजे तेल ज्याला ढकलतं ते क्षेत्रफळ १५४ चौरस मिलिमीटर. चार बारला त्यावर साधारण ६२ न्यूटन जोर येतो. स्प्रिंग मिलिमीटरला ५ न्यूटनची असेल तर एक मिलिमीटरच्या शिमने (स्प्रिंगमागे टाकायच्या चकतीने) उघडायचं प्रेशर सुमारे ०.३ बारने वाढतं. इतकं सरळ आहे. म्हणून अंदाजपंचे दोन-तीन वायसर कोंबणाऱ्यांचा मला राग येतो. वजनकाटा आणि व्हर्नियर घेऊन बसलं तर अर्ध्या तासात स्प्रिंगचा हिशोब हातात येतो.

खरी गोम पुढे आहे. व्हॉल्व्हचं एक काम उघडणं, दुसरं काम जास्तीचं तेल खरोखर बाहेर जाऊ देणं. पहिलं स्प्रिंग ठरवते, दुसरं व्हॉल्व्हमधून तेल बाहेर सोडणारं भोक ठरवतं. पंपाचे गिअर उंच करून पाव हिस्सा तेल वाढवलं तर ते जवळजवळ सगळंच्या सगळं जादाचं तेल वरच्या आरपीएमला याच भोकातून जायचं असतं. भोक तेवढंच राहिलं की व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही प्रेशर चढत राहतं. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनावर बॅलन्स शाफ्ट (थरथर कमी करणारे जादा शाफ्ट) काढणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. शाफ्टच्या बेअरिंगचे तेलाचे रस्ते बंद होतात, तिकडे जाणारं तेल मागे उरतं, मूळ भोकाला ते पेलवत नाही. मग हायड्रॉलिक लॅश अॅडजस्टर (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे भाग) फुगून इंजिनचे व्हॉल्व्ह नीट बसू देत नाहीत, टर्बोच्या सीलमधून तेल डोकावतं. इथे उपाय स्प्रिंग मऊ करणं नसून रिलीफचा रस्ता मोठा करणं हा आहे.

तो करताना मी काय बघतो? प्लंजर आणि स्प्रिंग काढून बोअर पेट्रोलने धुतो, प्लंजरला थेंबभर तेल लावून आत सोडतो. पंपाची बॉडी उभी धरल्यावर तो स्वतःच्या वजनाने सरकत खाली गेला पाहिजे. कुठे अडखळला तर टॉर्च मारून बघायचं. अॅल्युमिनियमच्या बोअरमध्ये भोकाच्या काठावर नखाला लागेल न लागेल एवढी बर (धातूची उठलेली कड) असते, आणि प्लंजरवर नेमक्या त्याच रेषेत चकाकणारा ओरखडा. मग प्लंजरला मार्करची शाई फासायची, स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आत ढकलायचा आणि बाहेरून भोकात डोकवायचं. बऱ्याच पंपांत तेव्हाही भोकाची चंद्रकोरच दिसते, उरलेलं भोक प्लंजरच्या अंगाने झाकलेलं. म्हणजे शिम टाकला असता तर स्प्रिंगचे वेटोळे आणखी आधी एकमेकांना टेकले असते आणि ही कोरही बारीक झाली असती.

मोठं करायचं ते प्लंजर सरकण्याच्या दिशेला नाही, घेराच्या दिशेला. उघडण्याची कड पुढे-मागे झाली की उघडायचं प्रेशरच बदलतं. बारीक कानस, सावकाश हात, शेवटी ४०० चा पॉलिश पेपर. प्लंजरची कड मात्र गोल करायची नाही, तिथे कचरा पाचरीसारखा शिरतो. वळवलेलं तेल सम्पमध्ये टाकण्याऐवजी पंपाच्या इनलेटला परत देणारी रचना मला जास्त आवडते, कारण वरच्या आरपीएमला पंपाची उपासमार तिकडेच होते.

बाकी पंपाबद्दल थोडक्यात. गिअर आणि कव्हर यांच्यातली फट काचेवर पेपर ठेवून घासून आणता येते, तिचा फायदा गरम आयडलला लगेच दिसतो. स्ट्रेनर (तेल ओढणारी जाळी) आणि सम्पच्या तळात साधारण १० मिलिमीटर अंतर. क्रँकवर बसणारे सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून भाजलेले) जेरोटर सतत आरपीएम लिमिटरवर आपटणाऱ्या इंजिनात तडकतात, तिथे बिलेट (अखंड धातूतून कापलेले) गिअर घेतलेलेच बरे. निसान आरबी२६ इंजिनच्या सुरुवातीच्या क्रँकवर तर पंप फिरवणारा चपटा भागच अरुंद होता, नंतर तो रुंद केला गेला. जुना क्रँक असेल तर कॉलर बसवल्याशिवाय महाग पंप लावू नये. शेव्हरलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही८ मध्ये पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरून फिरतो, त्यामुळे मोठा पंप, कडक स्प्रिंग आणि थंड जाड तेल यांचा सगळा भार डिस्ट्रिब्युटर गिअरच्या दातांवर. आणि मिनिटाला ६० लिटर तेल ६ बारला ढकलायचं म्हणजे ६०० वॅट, पंपाचं स्वतःचं नुकसान वेगळंच. अश्वशक्तीच्या दृष्टीने किरकोळ, पण त्यातलं जे तेल रिलीफमधून जातं त्याची सगळी ताकद उष्णता होऊन तेलातच परत येते.

काम झाल्यावर तपासायचं ते तेल पूर्ण गरम झाल्यावरच. आरपीएम हळूहळू चढवत न्यायचा. काटा एका जागी पोचून तिथेच सपाट राहिला, तर भोक पुरतंय. आरपीएमबरोबर चढतच राहिला, तर सम्प पुन्हा खाली काढायचा आणि कानस हातात घ्यायची.