स्टँडवर नाचणारी नॉर्टन आणि डॉक्टरांचा बुलेटवाला पाय

मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ जुन्या ब्रिटिश बाइक्सच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. त्या शनिवारी आपले नगरकडचे एक डॉक्टर दोन गाड्या तपासायला घेऊन आले, विकणारा एकच आणि दोन्हीतली एकच घ्यायची. १९६९ ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०, ६४९ सीसी, आणि १९७५ ची नॉर्टन कमांडो मार्क ३, ८२८ सीसी.

नॉर्टन मेन स्टँडवर चालू केली तर डॉक्टर चक्क दोन पावलं मागे सरकले. आयडलला ते इंजिन फ्रेममध्ये असं काही हलतं की सायलेन्सर थरथरतात, पुढचं चाक नाचतं, बघणाऱ्याला वाटतं आता पडतंय खाली. "अरे बोल्ट सुटलेत का याचे? ही नको बाबा." शेजारी बॉनव्हिल बिचारी शांतपणे टकटकत उभी. म्हटलं डॉक्टर, इथे उभ्या उभ्या ठरवू नका, आधी ए-४६ हायवेवर दोन्ही मारून या.

कसंय, दोन्ही इंजिनांत दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, त्यामुळे हादरा दोघींत आहेच, प्रश्न एवढाच की तो जातो कुठे. ट्रायम्फचं इंजिन थेट फ्रेमला आवळलेलं, म्हणजे हादरा सगळा तुमच्या हातापायात. नॉर्टनवाल्यांनी १९६७ ला कमांडो दाखवली तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म असा अख्खा गठ्ठाच रबरावर बसवला, आयसोलास्टिक म्हणतात त्याला. कमी आरपीएमला तो गठ्ठा नाचतो, पण तीन हजारच्या आसपास गेलं की थरथर फ्रेमपर्यंत पोचतच नाही. फक्त त्याचा आडवा प्ले, म्हणजे बाजूची मोकळीक, बरोबर लागतो, जास्त झाला तर गाडी वळणावर वळवळते आणि कमी झाला तर हादरे परत सुरू. आधीच्या कमांडोंना त्यासाठी शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालत बसावं लागायचं, नुसती डोकेदुखी, मार्क ३ ला आट्यांचा अॅडजस्टर आहे. फट मोजायचा फीलर गेज घातला तर पुढचा प्ले जास्तच निघाला, तो बसवला आणि मगच चावी दिली.

ट्रायम्फवरून आले ते बोटं झटकतच. "सत्तरला आरशात मागची लॉरी आहे का कार तेच कळेना रे!" मग नॉर्टन नेली, बराच वेळ आलेच नाहीत, आले ते हसत. "अरे ही तर वर गेल्यावर एकदम लोणी!"

मला वाटलं झालं, नॉर्टन गेली. पण घेतली त्यांनी ट्रायम्फच. एकतर रविवारी गावातल्या अरुंद रस्त्यांवरून पन्नासच्या आतच फिरणार, तिथे ती हलकी गाडी खरंच मजा देते आणि माझंही मत तेच पडलं. दुसरं म्हणजे कमांडोचा गिअर मार्क ३ पासून अमेरिकेच्या नियमामुळे डाव्या पायात आला, आणि डॉक्टर शिकले वडिलांच्या जुन्या बुलेटवर, उजव्या पायाने, आणि ट्रायम्फचा गिअरही उजवीकडेच. आता बुलेटचा पहिला वर आणि ट्रायम्फचा पहिला खाली, त्यामुळे आमच्या गेटातून निघतानाच दुसऱ्यात टाकून गाडी बंद पाडली ती गोष्ट वेगळी.