तुम्ही विचारलंत म्हणून: बांध का पेटवत नाही

"बांध कधी साफ करताय?" हे मला सोयरे विचारतात, खताच्या दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारतो. निफाड तालुक्यात बोरी-बाभळींसकट रुंद बांध राखणं म्हणजे एक तर आळस, नाही तर नाद, असा सगळ्यांचा समज. हल्ली उलट्या बाजूनंही विचारणा होते. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला आलेली मंडळी वाटेत गाडी थांबवतात, बांधाचे फोटो काढतात आणि कौतुकानं म्हणतात, "तुम्ही सेंद्रिय करता वाटतं!" दोन्हीकडच्यांना तुटक उत्तरं देऊन वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहितो.

सेंद्रिय करत नाही. द्राक्षावर डाउनी (बुरशीचा रोग) आली की मीही फवारणीचा ब्लोअर काढतो. बांध पक्ष्यांसाठीही राखलेला नाही. येतात तर येऊ देत. मी डोंगळा करतो, म्हणजे बियाण्यासाठी फुलू दिलेला कांदा, म्हणून बांध आहे.

द्राक्षाला मधमाशीची गरज नाही, त्यामुळे आमच्या पट्ट्यात माशीचा विचार कुणी करत नाही. कांद्याच्या फुलाचं मात्र विचित्र आहे. आधी पराग झडतात, मग त्याच फुलाचा मादीभाग तयार होतो. म्हणजे ज्याचं त्याला उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलाचे पराग कुणीतरी आणून द्यावे लागतात. ते काम माशीचं. माशी फिरली तर एका बोंडात जास्तीत जास्त सहा काळे दाणे, नाही फिरली तर नुसतं टरफल. आणि कांद्याचा मधुरस माशीला तसा आवडतही नाही, त्यात पोटॅशियम फार. दुसरीकडे मोहरी दिसली की ती तिकडे जाते.

"मधमाश्यांच्या पेट्या आणायच्या की भाड्यानं," असं लगेच ऐकवतात. आणल्या होत्या. त्याचंच सांगायचंय.

फेब्रुवारीचा महिना, डोंगळा भर फुलात. मेलिफेराच्या, म्हणजे पाळीव परदेशी मधमाशीच्या पेट्या रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या. सकाळी नऊच्या सुमाराला वावरात गेलो की पांढऱ्या गोंड्यांवर असा गुंजारव असायचा की मोबाईलवर बोलता यायचं नाही. शेजारी आबांचा उन्हाळी कांदा. त्यावर फुलकिडे पडलेले, पात वाकडी व्हायला लागलेली. त्या दिवशी ऊन चढल्यावर त्यांचा फवारणीवाला आला आणि वारा आमच्याकडे होता. दुपारी मी गोंड्यांखाली वाकून पाहिलं तर वाफ्यात माश्या उताण्या पडून गरगरत होत्या, सोंड बाहेर आलेली. काही गोंड्यावरच चिकटून मेल्या होत्या. पेट्यांच्या दारात मेलेल्यांचा थर आणि आतल्या माश्या त्यांना ओढून बाहेर टाकतायत. पेटीवाला संध्याकाळी आला, काही न बोलता पेट्या गाडीत चढवल्या आणि गेला. पैसे मात्र फोन करून पूर्ण मागितले. दिले.

मी आबांकडे गेलो तो भांडायलाच. ते म्हणाले, "अरे, माझा कांदा करपून चालला होता. तुझ्या माश्या उठायची वाट बघत बसू का?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही. त्यांचा कांदा लासलगावला जाणार, त्यावर त्यांचं घर चालणार.

एप्रिलमध्ये गोंडे खुडले, वाळवले, चोळले. हातावर घेऊन फुंकर मारली की सगळं उडून जायचं. तळहाताला चिकटलेले चार दाणे, तेही पोचट. तरी बांधाच्या अंगाचे वाफे बरे भरले होते. तिथे बोरीच्या फांदीला फुलोरीचं, म्हणजे लहान रानमधमाशीचं, तळहाताएवढं पोळं होतं, ते वाचलं होतं.

पुढची काही वर्षं मी हे जिथेतिथे सांगत सुटलो. बांधानं बी राखलं, हा बघा पुरावा! आता तेवढ्या छातीठोकपणे सांगत नाही. तो बांध वाऱ्याच्या उलट बाजूला आहे, औषधाचा तुषार तिथवर पोचलाच नसेल. मग बोरीचं श्रेय किती आणि वाऱ्याचं किती? तेव्हाचा मी म्हणेन, तू आबांच्या बाजूनं बोलायला लागलास. असेल.

पण एक गोष्ट मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. डोंगळा जेमतेम महिनाभर फुलतो. बाकीचं वर्षभर माशीनं खायचं काय? बोर पावसाळा सरता सरता फुलते, निंब आणि करंज उन्हाळ्यात. शिवाय कित्येक एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बिळं करतात. आमच्या अख्ख्या शिवारात नांगर न लागलेली माती म्हणजे फक्त बांध. तो उन्हाळ्यात पेटवायचा आणि फेब्रुवारीत भाड्याच्या माश्या आणायच्या, हा हिशेब मला जमत नाही. २०२० साली बियाण्याची टंचाई झाली, भाव भडकले, केंद्रानं कांदाबियाण्याची निर्यातही थांबवली. त्या वर्षी मला बांधाबद्दल कुणी विचारलं नाही, सगळे घरच्या बियाण्याचं विचारत होते.

बांधाचे तोटे मला सांगू नका, मला पाठ आहेत. बांधालगतच्या ओळी सावलीनं रोडावतात. बाभळीचा खोडकिडा द्राक्षाच्या खोडातही उतरतो, हे खरं आहे; म्हणून बागेकडच्या बाभळी मीच काढल्या. त्यावर फोटोवाल्यांपैकी एक बाई हळहळल्या. त्यांच्या घरी द्राक्षं खातात की नाही, विचारायचं राहिलं. आबांनी तर दरवर्षी नांगराची एक ओळ आत घालत त्यांच्याकडचा बांध कोरत आणलाय. झाडांची मुळं आहेत म्हणून थोडा तरी उरलाय, हाही एक फायदा धरा.

खरा तिढा वेगळाच आहे. गेल्या हंगामात मी आबांना म्हटलं, डोंगळा फुलात आहे तेवढे दिवस फवारणी दिवस कलल्यावर करा, माश्या तोवर घरी गेलेल्या असतात. ते हसले. "संध्याकाळी? बिबट्या आहे शिवारात. तुझ्या त्या झुडपात दबा धरून बसला असला तर फवारणीवाला कोण पाठवणार, तू?" बिबट्या उसात राहतो, बोरीखाली नाही, असं मी म्हणालो. पण अंधार पडल्यावर त्या बांधावरून मीही एकटा जात नाही, हे त्यांना माहीत आहे.

शेवटी ठरलं ते असं: फवारायच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन करायचा. दोनदा केला, एकदा विसरले. यंदा पुन्हा डोंगळा लावलाय, पेट्या सांगितलेल्या नाहीत, आणि आबांनी मोजणीचा अर्ज टाकलाय. बांध नेमका कुणाच्या हद्दीत निघतो ते मोजणीदार आल्यावर कळेल. तोवर साफ करायचं विचारू नका.