तुम्ही विचारलंत म्हणून: अहो, पण ते लोक घर सोडून जात का नाहीत?

भुताचे पिक्चर आवडतात असं चारचौघांत सांगितलं की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये येतो, परवा तर डेंटिस्टने विचारला, माझ्या तोंडात दोन अवजारं असताना. एवढं सगळं होतंय, दारं आपटतायत, लाइट जातायत, पोरगं भिंतीशी बोलतंय, मग ही माणसं बॅगा भरून निघत का नाहीत?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि बहुतेक पिक्चरकडे त्याचं धड उत्तर नसतं. गाडी चालू होत नाही, पूल वाहून गेलाय, सगळा पैसा घरात अडकलाय, नवऱ्याला पटतच नाही (हे शेवटचं मात्र खरं वाटतं). मग मी सरळ सांगते की 'द ग्रज' बघा, २००४ चा, तो जपानी 'जू-ऑन'चा रिमेक आहे ना, तो. त्यात लोक निघून जातात. चांगले व्यवस्थित आपापल्या फ्लॅटवर जातात, ऑफिसला जातात, आणि तिथे जाऊन मरतात.

पिक्चर वीस वर्षं जुना आहे, त्यामुळे गोष्ट फोडली म्हणून ओरडू नका.

टोकियोतलं एक साधं दुमजली घर. ताकेओ नावाच्या माणसाने तिथे बायकोला, कायाकोला, संशयावरून मारलं, पोराला, तोशिओला, पाण्यात बुडवून मारलं, मांजरही सोडलं नाही आणि मग स्वतः गळफास घेतला. त्या मरणातला राग घरात राहिला आणि आता जो कोणी त्या घरात पाऊल टाकेल त्याला तो लागतो. राहायलाच पाहिजे असं काही नाही, उंबरा ओलांडला की झालं. पिक्चरची सुरुवातच बघा, पीटर नावाचा अमेरिकन प्रोफेसर सकाळी बाल्कनीत उभा असतो, बायको आत बेडवर, आणि हा शांतपणे कठड्यावरून खाली. हा माणूस त्या घरात कधी राहिलेलाच नाही. कायाको त्याच्या वर्गात होती, त्याला पत्रं लिहायची, ही कोण बाई एवढी पत्रं लिहिते म्हणून तो एकदा पत्ता शोधत गेला होता. बस, एवढंच.

आणि सुझन. माझ्या मते अख्ख्या पिक्चरचा जीव त्या दहाएक मिनिटांत आहे. तिचा भाऊ मॅथ्यू बायकोला आणि आईला घेऊन त्या घरात राहायला आलाय, ही फक्त घर बघायला त्यांच्यासोबत गेलेली. तर ही रात्री ऑफिसातून निघते, जिन्यात काहीतरी आहे असं वाटतं, घाबरते, सिक्युरिटीवाल्याला सांगते, म्हणजे आपण जे जे केलं असतं ते सगळं करते हो, आणि पळत घरी येते. उंच बिल्डिंगमधला फ्लॅट, खाली दरवाजा, लिफ्ट, लॅच. भावाचा फोन येतो, मी खाली आलोय, आणि लगेच बेल. ती दाराच्या भिंगातून बघते तर भाऊच उभा असतो, उघडते तर कॉरिडॉर रिकामा, आणि फोनमधून तो आवाज. तो घशातला, करकर करत तुटत तुटत येणारा. मग ती काय करते तर जे आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय तेच करते, पलंगावर चढून पांघरूण डोक्यापर्यंत ओढून घेते. आणि पांघरुणाच्या आत कायाको असते.

पांघरुणात! अरे तो एक तरी कायदा पाळा ना भुतांनो, पांघरुणात असलं की काही होत नाही हा जगभरच्या पोरांचा कायदा आहे.

आपल्याकडच्या गोष्टी ऐकून मोठं झाल्यामुळे मला हे जास्तच लागतं. आपल्या भुतांना हद्द असते. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा लागला तर त्या माळावरच लागणार, कोकणातला देवचार तर आपली हद्द सोडत नाही म्हणूनच त्याला राखणदार म्हणून मानतात. वेस ओलांडली की सुटलात. शिवाय आपलं भूत बोलतं, काय पाहिजे ते सांगतं, कोंबडा मागेल, नारळ मागेल, साडीचोळी मागेल, उतारा टाकला की विषय संपला, एक प्रकारचा व्यवहारच असतो तो. कायाकोला काहीच नको आहे. न्याय नको, खुनी सापडायला नको, तो तर तिथेच मरून पडलाय. तिची हाडं शोधून नीट अंत्यसंस्कार करा असंही काही नाही. तिचा राग नुसता साथीच्या रोगासारखा फिरतो, तुम्ही चांगले की वाईट हे बघतच नाही. कॅरन, म्हणजे सारा मिशेल गेलर, तर त्या घरी आजारी म्हातारीची सेवा करायला गेलेली असते. नाकागावा नावाचा पोलीस सगळं ओळखून असतो, पेट्रोलचे कॅन घेऊन घर जाळायलाच येतो, आणि बाथरूममध्ये पोरगं बुडतंय असं वाटून वाचवायला जातो तिथेच संपतो.

आता दुसरा प्रश्न, जो पिक्चरची थोडी माहिती असलेले लोक विचारतात: रिमेक कशाला, ओरिजिनल बघावा ना?

तर इथे गंमत आहे. हा रिमेक ज्याचा पिक्चर त्यानेच केलाय. ताकाशी शिमिझूने १९९८ मध्ये टीव्हीसाठी दोन छोट्या फिल्म केल्या, त्यातून २००० साली थेट व्हिडिओवर आलेले दोन 'जू-ऑन', मग २००२ चा थिएटरवाला, त्याचा दुसरा भाग, आणि मग 'द रिंग' (तोही जपानी पिक्चरचा रिमेक) अमेरिकेत चालल्यावर सगळे जपानी भुतांच्या मागे लागले तेव्हा हॉलिवूडचा दिग्दर्शक सॅम रेमीच्या कंपनीने यालाच बोलावलं. म्हणजे तीच बाई, तेच पोरगं, तेच घर घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं बसलाय. शूटिंग टोकियोत, कायाको पुन्हा ताकाको फुजीच, तोशिओ तोच पोरगा. फक्त घरात राहणारे अमेरिकन. साधारण १० मिलियन डॉलरमध्ये केला आणि जगभरात १८७ मिलियनच्या आसपास कमावले. समीक्षकांनी तेव्हा बऱ्यापैकी झोडपला होता, गोष्टीला शेंडाबुडखा नाही म्हणाले.

मला विचाराल तर अमेरिकन माणसं टोकियोत आणून टाकणं हा त्यातला सगळ्यात हुशार भाग आहे, आणि तो भुताच्या सीनमध्ये दिसतच नाही. मॅथ्यूची बायको जेनिफर सुपरमार्केटमध्ये उभी आहे, समोर कप नूडल्सची रांगच रांग, एक अक्षर वाचता येत नाही, तर ही बया कपाच्या झाकणाला भोक पाडून वास घेऊन बघते आत काय आहे ते. टोकियोत निशिकासाईला राहणारी माझी मैत्रीण हा सीन बघून जाम हसली, कारण सुरुवातीला फोनमध्ये भाषांतराचं अ‍ॅप नव्हतं तेव्हा पाकिटात मासा आहे की नाही हे कळायला तिचेही असेच उद्योग चालायचे. तर अशा बाईला घर चुकीचं आहे हे कोण सांगणार? शेजारी काय कुजबुजतायत ते कळत नाही, एजंट गोड हसतोय, नवरा दिवसभर कामावर. जपानी माणसाला त्या घराबद्दल निदान चौकशी तरी करता आली असती.

आणि चौकशी करतात हं तिकडे, ही पिक्चरबाहेरची गोष्ट सांगते. ज्या घरात खून किंवा आत्महत्या झालीय त्या घराचं भाडं जपानमध्ये पडतं आणि एजंटला ते गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. किती वर्षं सांगायचं यावर वाद चालायचा, मग २०२१ मध्ये सरकारने गाइडलाइन काढली की भाड्याच्या घराला साधारण तीन वर्षं, म्हातारपणाने घरात कोणी गेलं तर सांगायची गरज नाही. विकायच्या घराला मात्र अशी मुदत नाही. अशा पत्त्यांचा नकाशा असलेली वेबसाइटसुद्धा आहे, लोक घर घेण्याआधी बघतात, आणि काहीजण स्वस्तात मिळतं म्हणून मुद्दाम तसलीच घरं शोधतात. कायाकोचं घर भाड्याने जात राहतं यात मला तरी अतिशयोक्ती काही वाटत नाही.

रिमेक कुठे पडतो तेही सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती कौतुकच करते. तो समजावून सांगतो. कायाकोचं प्रेमप्रकरण, पत्रं, फोटो, नाकागावा तर कॅरनला जवळजवळ क्लासच घेतो की बाई शाप असा असा चालतो. ओरिजिनलमध्ये हे फारसं नाही. तिथे माणसाचं नाव पडद्यावर येतं, रिका, कात्सुया, हितोमी, आणि त्या माणसाचा हप्ता सुरू होतो, कधी पुढचा काळ कधी मागचा, आपणच जुळवत बसायचं. त्यात तोयामा नावाचा पोलीस आहे, तोही घर जाळायला येतो आणि तिथे त्याला शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी दिसते. ती त्याचीच मुलगी, इझुमी, पण काही वर्षांनंतरची, मैत्रिणींबरोबर त्या घरात शिरलेली. आज तिचं वय ते नाहीच! बाप तिथे उभा राहून बघतोय की आपली पोरगी पुढे इथे येणार आहे. रिमेकमध्ये इझुमी नाही. कॅरनला मागच्या काळातला पीटर घरात फिरताना दिसतो, ते चांगलं जमलंय, पण त्यात कोणाचा बाप नाही, त्यामुळे तेवढं आत जात नाही.

म्हणून माझा सल्ला उलटा असतो, आधी रिमेक बघा. नियम कळतात, माणसं लक्षात राहतात, उजेडात बघितला तरी चालतो. मग २००२ चा बघा, तेव्हा गोष्ट शोधण्यात डोकं जात नाही आणि घराकडे नीट लक्ष जातं. तो सरळ जिना, ते अरुंद पॅसेज, माळ्यावर उघडणारं चिकटपट्टी मारलेलं कपाट. फुजी त्या जिन्यावरून रांगत खाली येते ते स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर जास्त घाण दिसतं, म्हणजे चांगल्या अर्थाने घाण. २०२० चा जो अमेरिकेतल्या घरात नेलाय तो सोडून द्या, तिकडच्या प्रेक्षकांनीच थिएटरबाहेर पडताना त्याला 'एफ' ग्रेड, म्हणजे सगळ्यात खालची, दिली होती.

आणि दोन्ही सबटायटलवर बघा, डब केलेला लावू नका. तो घशातला आवाज म्हणे शिमिझूने स्वतः काढलाय, त्याच्यावरही कोणीतरी हिंदीत डबिंग केलं असेल तर काय घ्या.