देवळाच्या कंपाउंडात बसवलेले वीर

कोल्हापुरात पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि मग तांबडा-पांढरा एवढं ठरलेलं असतं, फारच हौशी असतील तर खिद्रापूर. माझं म्हणणं, एक संध्याकाळ जिल्ह्यातल्या कुठल्यातरी जुन्या गावात घालवा, महादेवाचं देऊळ विचारा आणि आत जायच्या आधी कंपाउंडची भिंत बघा. आमच्याकडं वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, इतके आहेत की लोक त्यावर धुणं धुतात, म्हशी बांधतात. करवीर तालुक्यातल्या बीडला (मराठवाड्यातलं नव्हे, आपलं बीडशेडचं) तर बघायलाच नको.

ही पोस्ट मात्र दुसऱ्याच एका गावातल्या भिंतीबद्दल आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, असं काही लिहिलं की अभ्यासकांच्या आधी गुप्तधनवाले पोचतात आणि दगडाखाली खणून ठेवतात. तर ह्या गावात देवळाचा जीर्णोद्धार झालाय, म्हणजे जुनं दगडी काम पाडून स्लॅब, चकचकीत फरशी, स्टीलचं रेलिंग वगैरे. पण ज्यानं कुणी काम केलं त्यानं एक चांगलं केलं, आवारात इकडंतिकडं पडलेले कोरीव दगड ओढ्यात न ढकलता भिंतीत ओळीनं बसवून टाकले.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर मरून आडवा पडलेला, त्याच्यावर लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन निघाल्यात, आणि वरच्या चौकटीत तोच गडी हात जोडून शिवपिंडीसमोर बसलाय, बाजूला पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती. मेला, लढला, गेला, पोचला, सगळी स्टोरी तीन-चार फुटांच्या काळ्या बेसाल्टात.

मला आवडलेल्या दगडावर खाली गायी आहेत. गायी दिसल्या की समजायचं, गावची जनावरं पळवायला कोण आलं होतं आणि हा आडवा गेला. एकीमागं एक अशा उभ्या आहेत आणि शेवटच्या गाईचं नुसतं डोकं अन शिंगं कोरलीत कारण कारागिराची जागा संपली. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा अंदाज चुकलेला बघून बरं वाटलं राव! वीराचा केसांचा बुचडा मानेवर एका बाजूला बांधलाय, ढाल छातीशी आणि तलवारीचं टोक चौकटीच्या बाहेर आलंय. दुपारी हे काहीच दिसत नाही, सगळा दगड सपाट वाटतो. ऊन कलल्यावर जायचं, किंवा मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता भिंतीला चिकटून बाजूनं मारायचा, मग बोटंसुद्धा मोजता येतात.

हे लढले कुणासाठी ते कळत नाही. कर्नाटकात वीरगळांवर बऱ्याचदा लेख असतो, नाव, राजा, तिथी सगळं. आपल्याकडं बहुतेकांवर अक्षरच नाही. काळ साधारण कोल्हापूरच्या शिलाहार राजांचा धरतात, म्हणजे गंडरादित्य, दुसरा भोज ही मंडळी, आणि 1212 च्या सुमारास यादवांच्या सिंघणानं भोजाला हरवल्यावर यादवांचा. राजांची नावं ताम्रपटात आहेत, सिंघणाचा शिलालेख खिद्रापुरात आहे, आणि ज्यानं गायी वाचवल्या तो इथं, बिननावाचा, पाण्याच्या टाकीशेजारी. तिकडं बोरिवलीजवळ एकसरला तर वीरगळांवर अख्खी जहाजांची लढाई कोरलीय, वल्ह्यांसकट, आमच्याकडं आपल्या गायी.

भिंतीच्या टोकाला एक सतीशिळा आहे, म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड, कोपरात वाकलेला हात, बांगड्या भरलेला. आणि तिच्यापलीकडं एक गद्धेगाळ, दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याला दिलेली शिवी, तीही चित्रात. बाई आणि गाढव. कुणालातरी लाज वाटली असणार, बरोबर मधोमध सिमेंट फासलंय. ज्या राजानं जमीन राखायला ही शिवी कोरली तो काय म्हणाला असता!

मी फोटो काढत असताना एक तात्या आले. "काय बघतायसा पावणं? पांडवांनी एका रात्रीत केलंय ते." मी म्हटलं तात्या, हे गावासाठी मेलेल्या माणसांचे दगड आहेत, आणि चौथा उलटा बसलाय. ते जवळ आले, मान वाकडी करून बघितलं. चंद्र-सूर्य जमिनीलगत, पिंडी डोक्यावर उभी आणि मेलेला वीर वर छताला चिकटल्यासारखा. "आयला, खरंच की. गवंड्यानं सपाट बाजू वर घेतली असंल, पोरं बसत्यात नव्हं त्यावर."

माझे काही मित्र म्हणतात हे सगळं उचलून टाऊन हॉलच्या म्युझियमला द्यायला पाहिजे. मला नाही पटत. म्युझियममध्ये किती दगड मावणार, आणि इथं निदान अमावस्येला कोणतरी नारळ फोडतं, तिथं गोडाऊनला कोण फोडणार. भिंत वाईट नाही. वाईट आहे ते सिमेंट, कारण पाऊण दगडांची खालची चौकट त्यात गाडली गेलीय, आणि काही वीरगळ चारी बाजूंनी कोरलेले असतात त्यांच्या तीन बाजू कायमच्या गेल्या. चुन्यात बसवले असते तर उद्या काढता तरी आले असते. दुसरं वाईट ऑइलपेंट. दोन दगडांवर चंदेरी रंगाचे थर चढलेत, वीराचं नाक-डोळे बुजून नुसता बटाटा राहिलाय. आणि रंग काढायला म्हणून कुणी तारेचा ब्रश, ॲसिड किंवा सँडब्लास्टिंगवाला आणला तर उरलेलं कोरीव कामही जातंय. साधं पाणी आणि मऊ ब्रश, त्यापुढं जायचं असेल तर पुरातत्त्ववाल्यांना विचारून.

उलटा दगड सुलटा करायचा विषय तात्यांनी कमिटीपुढं काढला म्हणे. खर्च कोण करणार यावर अडलंय. दरम्यान यात्रेआधी भिंतीला परत रंग मारायचा ठरलाय, तात्या फोनवर म्हणाले पेंटरला सांगतो दगड सोडून मार म्हणून. मी म्हटलं नुसतं सांगू नका, आधी दगडांवर पेपर लावून घ्या आणि त्या दिवशी खुर्ची टाकून तिथंच बसा.