डोळे मिटता येतात, कानांचं काय करायचं?

"सगळ्यात डिस्टर्बिंग सिनेमा कोणता गं?" असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा रक्त किती आणि मारहाण किती एवढंच ऐकायचं असतं. मी साउंड एडिटिंग करते. पडद्यावर सुरी खुपसली जाते तेव्हा माझ्या ट्रॅकवर कुणीतरी फळ भोसकत असतं, हाड मोडतं तेव्हा सेलरीची जुडी पिळत असतं. 'सायको'मधल्या (१९६०) बाथरूममधल्या त्या खुनासाठी हिचकॉकने वेगवेगळ्या जातींची खरबुजं भोसकून घेतली आणि आवाज ऐकून त्यातली एक जात पसंत केली. हे माहीत असलं की रक्ताचं फारसं काही वाटेनासं होतं. माझी झोप उडवतात ते आवाज, आणि त्यातही ज्यांचं चित्र दिग्दर्शकाने दाखवलेलंच नाही असे.

जोनाथन ग्लेझरचा 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) घ्या. आउशवित्झचा कमांडंट रुडॉल्फ हॉस, त्याची बायको, पोरं, घर, फुलझाडं. बागेच्या भिंतीपलीकडे छळछावणी. तिथे काय चाललंय ते पडद्यावर दिसत नाही, पण जॉनी बर्नने केलेल्या साउंडमधून ते सतत येत राहतं: लांबून गोळ्या, ओरडणं, कुत्री, आणि खाली कसलीतरी न थांबणारी घरघर. एका प्रसंगात हॉसचा लहान मुलगा खोलीत खेळतोय. बाहेर एका कैद्याने सफरचंदावरून भांडण केलं म्हणून त्याला शिक्षा फर्मावली जाते. पोरगा खिडकीतून जरासं डोकावतो, मागे येतो आणि स्वतःशीच पुटपुटतो, "पुन्हा असं करू नको." बस, एवढंच. कुणाला म्हणतोय तो? कैद्याला, की खिडकीशी गेलेल्या स्वतःला?

पण याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अर्ध्या तासात ती घरघर मला ऐकू येईनाशी झाली. मला, जिचं पोट ऐकण्यावर चालतं! सतत वाजणारा आवाज मेंदू बाजूला टाकतो, पंख्याचा टाकतो तसा. त्या घरातली माणसं त्यात कशी राहत होती, हा प्रश्न मग विचारायची सोय उरत नाही. या सिनेमाला साउंडचं ऑस्कर मिळालं तेव्हा मला भारी आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाचं विचित्रही वाटलं.

गास्पर नोएच्या 'इर्रिव्हर्सिबल'चं (२००२) तंत्र याच्या उलट. पहिल्या अर्ध्या तासात सुमारे २७-२८ हर्ट्झचा (सेकंदाला तितकीच कंपनं) खर्ज खाली चालू ठेवलाय. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून पुढे ऐकू येतं, म्हणजे हा आवाज ऐकू येण्यापेक्षा अंगाला जास्त लागतो. त्यात गरगर फिरणारा कॅमेरा. "मी लॅपटॉपवर बघितला, मला काहीच झालं नाही," अशी फुशारकी मारणारे भेटतात. बाबांनो, लॅपटॉपच्या स्पीकरमधून २७ हर्ट्झ येतच नाहीत. तुम्ही तो सिनेमा निम्माच बघितलात! तरी माझं मत विचाराल तर ही थोडी लबाडीच आहे. आधी प्रेक्षकाचं पोट ढवळून ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा कसा हलवला.

दिग्दर्शक हानेकेने 'फनी गेम्स'मध्ये (१९९७) असलं काही केलेलं नाही. दोन गुंड एका कुटुंबाला त्यांच्याच घरात ओलीस धरतात. मुलाला गोळी लागते तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात आहे आणि दोन गुंडांपैकी एक तिथे खायला करून घेतोय. गोळी फक्त ऐकू येते. नंतर टीव्हीवर रक्त, आणि टीव्हीत मोटारींची शर्यत चालूच. गाड्यांची ती घूं-घूं इतकी लांबते की आता काहीही होवो, आधी हा टीव्ही बंद करा असं वाटायला लागतं. आई बांधलेल्या अवस्थेत कशीबशी पुढे जाते आणि पहिलं काम तेच करते.

आवाज काढून घेऊनही हेच साधतं. 'सैराट'चा (२०१६) शेवट आठवा. दोन-अडीच तास ज्या सिनेमाने थिएटर नाचवलं, तो ते लहान पोर रक्तातून चालत बाहेर येतं तेव्हा मुका होतो. तिथे एक व्हायोलिन जरी घातलं असतं तरी आपण रडून मोकळे झालो असतो.

'डिस्टर्बिंग' म्हणून हमखास सांगितला जाणारा, छळाच्या दृश्यांचा 'सालो' (१९७५) मी अर्ध्यात सोडला, पुन्हा लावायची इच्छा नाही. 'कॅनिबल होलोकॉस्ट'साठी (१९८०) खरे प्राणी मारले, तो मी बघणार नाही. विषय संपला.

आता ज्यावर माझं आणि नवऱ्याचं अजून भांडण चालू आहे तो माहितीपट: 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२). इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये झालेल्या कत्तलींतले मारेकरी स्वतःच आपले खून अभिनय करून दाखवतात. त्यातला अन्वर काँगो शेवटी त्या गच्चीवर जातो जिथे त्याने तारेने गळे आवळून माणसं मारली होती, आणि त्याला कोरड्या ओकाऱ्या यायला लागतात. पोटातून काहीच पडत नाही, नुसता आवाज. नवरा म्हणतो, तो नाटक करतोय, सबंध सिनेमाभर तेच तर केलंय त्याने. मी स्टुडिओत ओकारीचे आवाज स्वतः काढलेत. खोटी ओकारी घशात सुरू होते आणि घशातच संपते. अन्वरची खालून, बेंबीपासून येते. मध्ये श्वास अडकतो, तो ठरवून अडकवता येत नाही. हेडफोन लावून मी तो तुकडा कितीदा तरी मागेपुढे केलाय आणि दर वेळी मला ती खरीच वाटते. नवऱ्याचं म्हणणं, "खरी असली तर काय? त्याने बरं वाटायला हवं का आपल्याला?" याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही, तरी ओकारी खरी आहे या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.