शेम शेम!

परवा भर दुपारी परभणीत एका कचेरीसमोर पीकविम्यासाठी धरणं चाललं होतं. वीस-पंचवीस शेतकरी, दोन पोलीस, कडेला रसवंती. पुढच्या पोरानं माईक धरला अन् ओरडला, "शेम शेम!" मागच्या म्हाताऱ्यांनी दणक्यात साथ दिली, "शाम शाम!" कुणी शाम आत दडून बसलाय अन् हे त्याला बाहेर बोलवायलेत, असंच वाटलं.

माझी 'शेम'शी ओळख चड्डीच्या बटनापासूनची. बालवाडीत कुणाचं बटन तुटलं की सगळा वर्ग टाळ्या पिटायचा, "शेम शेम, पपी शेम!" यात कुत्र्याचं पिल्लू कुठून आलं, देव जाणे. पुढं टीव्हीवर संसदेत तेच ओरडणं ऐकलं, तेव्हा माझा हात आपसूक बटनाकडं गेला.

इंग्रजीतला निषेध कसा, इस्त्री करून आणल्यासारखा. आमच्या आजीला इस्त्री ठाऊक नव्हती. धुऱ्यावरची बोरं कुणी झोडपली की ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची, "मुडदा बशिवला त्याचा!" बोरं खाणाऱ्याला घास गिळवत नसे. मला तर नाहीच, कारण निम्मी बोरं माझ्याच खिशात असायची.

'बॉयकॉट' मला बरेच दिवस नुसता क्रिकेटवाला वाटायचा. पण हा शब्द आला दुसऱ्याच बॉयकॉटवरून. आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा हा कारभारी. 1880 साली खंडावरून कुळं बिथरली. मजुरांनी त्याचं काम सोडलं, दुकानदारांनी माल देणं बंद केलं, टपालसुद्धा पोचेना. वर्ष सरायच्या आत गडी देश सोडून गेला, नाव तेवढं मागं राहिलं. आजी असती तर म्हणाली असती, "म्हंजे वाळीत टाकलं म्हण की!"

तिकडं कुळांनी कारभाऱ्याला टाकलं. आमच्या गावात उलटं होतं, गावानं एका गरीब घराला टाकलं होतं. गिरणीवाला त्यांचं दळण घेत नव्हता. आपल्या राज्यात त्याविरुद्ध कायदा झाला 2016 साली. तोवर त्या घराची नुसती जोती उरली होती.

त्या घरातली पोरगी माझ्याच वर्गात होती. तिला कुणी कधी 'शेम शेम' केलं नाही. तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

मीही नाही.