रिव्हॉल्व्हर घरी परत आलं

आज पाच आठवड्यांनी रिव्हॉल्व्हर दुरुस्त होऊन आलं. टेक्सासात आल्यावर घेतलेलं माझं हे पहिलंच हत्यार, आणि पहिल्याच दिवशी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, अडकलं. चाळीसेक गोळ्या झाडल्या, गोळ्या बसतात तो फिरता सिलिंडर तापला आणि जागचा हलेना. फार वाईट वाटलं होतं.

दोष कारखान्यातलाच. सिलिंडर आणि बॅरलमध्ये (गोळी बाहेर पडते ती नळी) साधारण ०.००४ ते ०.००८ इंच फट लागते. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं साधन) ०.००२ इंचाचं पातंही शिरेना. धातू तापून प्रसरण पावला की घासणारच! रेंजवरच्या एका काकांनी सल्ला दिला, "घरी कानस लावू नकोस, वॉरंटी जाईल." ऐकलं ते बरं झालं.

कंपनीने कुरिअरचं लेबल पाठवलं, खर्चही त्यांचाच. सिलिंडर रिकामा असल्याचं तीनदा तपासून खोकं बंद केलं. इथल्या कायद्याप्रमाणे दुरुस्त झालेलं हत्यार कारखाना थेट मालकाकडे पाठवू शकतो, मध्ये दुकानदार लागत नाही. कुरिअरवाल्यासाठी आज सुट्टी टाकून दारात बसले होते.

संध्याकाळी लगेच रेंजवर गेले. शंभर गोळ्या झाल्या, सिलिंडर एकदाही अडला नाही. त्या काकांना आधी फोन केला.